विश्लेषण : घरी शिवलेला साधा फ्रॉक तीन उन्हाळे कसा पुरवायचा?

लेस, साडीचा काठ, खिसा, ठसे... मुलीचा उन्हाळी फ्रॉक सजवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. पण सजावटीची जागा विचार करून निवडली, तर तीच फ्रॉक वाढवण्याच्या कामी येते. त्यासाठी कापड किती घ्यावे, काय जोडावे आणि काय टाळावे, याविषयी...

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की कपाटातून गेल्या वर्षीचे सुती फ्रॉक बाहेर निघतात. कापड चांगले असते, रंगही फारसा उडालेला नसतो. पण घालून पाहिल्यावर फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर राहतो आणि पट्ट्या खांद्यात रुततात. लहान मुलींचे कपडे बहुतेकदा विरण्याआधीच तोकडे होतात.

पूर्वी यावर सोपा उपाय असे. शिंप्याला ‘वाढत्या अंगाचा शिवा’ असे सांगितले जाई. मग पहिले वर्षभर मुलगी ढगळ फ्रॉकात वावरे आणि तो नीट बसू लागेपर्यंत जुना दिसू लागे. घरी शिवताना यापेक्षा चांगला मार्ग उपलब्ध आहे. जादा कापड आत ठेवून फ्रॉक आजच्या मापाचा शिवायचा आणि दर उन्हाळ्यात ते थोडे थोडे सोडायचे. सजावटीचे खरे काम इथेच सुरू होते.

सनड्रेस म्हणजे नेमका कोणता फ्रॉक?

बिनबाह्यांचा, खांद्यावर दोन पट्ट्या असलेला, अंगाला न चिकटणारा सैल सुती फ्रॉक म्हणजे सनड्रेस. त्याचा सर्वांत सोपा प्रकार दोन आयताकृती तुकड्यांचा असतो. दोन्ही बाजूंना शिवण घालायची, वर नेफा करून त्यात इलॅस्टिक ओवायचे, खाली दुमड घालायची आणि पट्ट्या जोडायच्या. गळा, मुंढा, बाही यांचे कापकाम नसल्याने नवशिक्यालाही तो एका दुपारी शिवता येतो.

या साधेपणाचा मोठा फायदा म्हणजे त्यात बदल करणे सोपे असते. मापात बेतलेला मुंढा वाढवता येत नाही. सरळ शिवण मात्र उसवून पुन्हा घालता येते.

कापड किती आणि कोणते घ्यावे?

साधारण चार वर्षांच्या मुलीसाठी ४४ इंची पन्ह्याचे ८० सेंमी कापड पुरते. त्यातून ५५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच असे दोन तुकडे निघतात. उरलेल्या पट्ट्यातून खांद्याच्या पट्ट्या आणि खिसा होतो. मुलीची उंची आणि छाती मोजूनच कापावे. वयावरून काढलेले माप फसवे ठरते.

केंब्रिक किंवा मऊ पॉपलिन शिवायला सोपे असते. मलमल आणि व्हॉइल अंगाला गार लागतात. पण ती झिरझिरीत असल्याने अस्तर लागते. दुपारच्या उन्हात खेळणाऱ्या मुलीसाठी दाट विणीचे कापड बरे, कारण ते ऊन अधिक अडवते. सनड्रेसमध्ये खांदे उघडे राहतात हेही लक्षात ठेवावे. त्याच कापडाचे, पुढून उघडे, छोट्या बाह्यांचे जाकीट सोबत शिवले तर बाहेर जाताना ते वरून घालता येते.

कापण्याआधी कापड एकदा पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. जो काठ किंवा लेस लावायची असेल, तीही भिजवून घ्यावी. नाही तर फ्रॉक एका मापाने आटतो, लेस दुसऱ्या मापाने आणि घेराला सुरकुत्या पडतात.

तीन उन्हाळ्यांचे गणित कसे जमते?

तीन-चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी उंच होते. काखेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग उंचीच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. त्यामुळे दोन वर्षांत मुलगी १२ ते १४ सेंमी वाढली, तरी फ्रॉकला साधारण ६ सेंमीच अधिक लागतात. छातीचा घेर त्यामानाने सावकाश वाढतो आणि फ्रॉक चुण्यांचा असल्याने तिथे जागा असतेच. फक्त इलॅस्टिक बदलावे लागते.

हे ६ सेंमी आडव्या दुमडींत ठेवता येतात. खालच्या कडेच्या थोडे वर कापडाची १ सेंमीची आडवी दुमड घालून तिच्यावर मोठ्या टाक्याची टीप मारली, की २ सेंमी कापड त्यात सामावते. अशा तीन दुमडी घातल्या, की ६ सेंमी झाले. दुमडी एकाखाली एक, सारख्या अंतरावर असल्या की त्या स्वतःच नक्षीसारख्या दिसतात. टिपेला फ्रॉकपेक्षा वेगळ्या रंगाचा दोरा वापरला तर अधिक उठून दिसतात.

म्हणजे ६० सेंमी उंचीच्या तुकड्यातले ३ सेंमी नेफ्यात, ५ सेंमी खालच्या दुमडीत आणि ६ सेंमी आडव्या दुमडींत जातात. पहिल्या उन्हाळ्यात फ्रॉक ४६ सेंमीचा दिसतो. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक-दोन दुमडी उसवायच्या, तिसऱ्याला उरलेल्या. शिवाय खालच्या ५ सेंमीच्या दुमडीतूनही गरज पडली तर ३ सेंमी सोडता येतात.

उसवलेल्या दुमडीची खूण राहते, तिचे काय?

दुमड उसवली, की तिथे रेघ दिसते. आतले कापड ताज्या रंगाचे असते, बाहेरचे उन्हाने आणि धुण्याने फिकटलेले. अनेक जण याच भीतीने फ्रॉक वाढवत नाहीत. खरे तर सजावटीसाठी हीच उत्तम जागा आहे.

रेघेवरून नागमोडी लेस लावणे हा सर्वांत झटपट उपाय. भरतकाम येत असेल तर गोधडीला घालतात तसा धावदोरा दोन-तीन ओळींत घालावा किंवा साखळी टाक्याची एक रांग काढावी. त्यावर अंतराअंतराने लेझी डेझीची फुले काढली की वेल तयार होतो. सहापदरी सुती दोऱ्याचे दोनच पदर सुईत घेतले तर काम नाजूक होते आणि अंगाला टोचत नाही.

उत्तर कर्नाटकातील कसुतीचा इथे चांगला उपयोग होतो. कसुतीतला ‘गवंती’ टाका जाताना एक घर सोडून घातला जातो आणि परतताना मोकळी घरे भरतो. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखी दिसते आणि मागे गाठी राहत नाहीत. लहान मुलांच्या त्वचेला गाठी आणि लोंबते दोरे त्रास देतात, म्हणून ही पद्धत सोयीची. कसुतीत कापडाचे धागे मोजावे लागतात. सवय नसेल तर चौकड्यांचे कापड घ्यावे आणि धाग्यांऐवजी चौकोन मोजावेत.

दरवर्षी एक रेघ वाढत गेली, की तिसऱ्या उन्हाळ्यात फ्रॉकच्या खालच्या भागात तीन ओळींची नक्षी तयार असते. मुलगी दोन वर्षांत किती वाढली, तेही त्यावरून मोजता येते.

जुन्या साडीचा काठ लावताना काय पाहावे?

मराठी घरांत बाळाची झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी आजीच्या जुन्या लुगड्यातून शिवली जात. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत बाळाला बोचत नाही, हे त्यामागचे कारण. अशी काटकसर इतरत्रही होती. अमेरिकेत १९३० च्या दशकातील महामंदीत खेड्यापाड्यांतल्या बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांतून मुलींचे फ्रॉक शिवत. ते लक्षात आल्यावर कंपन्यांनी पोती फुलाफुलांच्या छापाची केली. कंपनीचे नाव धुऊन निघेल, अशी शाईही वापरली जाऊ लागली.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. फ्रॉकचा घेर ११० सेंमी धरला, तर एका बाजूच्या काठात पाच फ्रॉक सजतात. काठ दोन प्रकारे लावता येतो. फ्रॉकवर ठेवून दोन्ही कडांना टीप मारली, तर तो निव्वळ सजावट असतो. फ्रॉकच्या खालच्या कडेला पुढे जोडला, तर फ्रॉकची उंचीही तेवढीच वाढते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतरही फ्रॉक वापरायचा असेल, तर हा दुसरा प्रकार उपयोगी पडतो.

काठ निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, रंग. काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर जोरात घासावा. फडके रंगले, तर तो काठ फिक्या फ्रॉकला लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवून प्रत्येक रंग पक्का होतोच असे नाही, त्यामुळे भिजवल्यानंतरही ही तपासणी करावी. दुसरी, वजन. इरकलीचा रुंद काठ मलमलीच्या फ्रॉकला लावला, तर घेर खाली ओढला जातो; त्याला जाड सुती कापडच हवे. तिसरी, जर. जरीची मागची बाजू पायांना टोचते. तिच्यामागे सुती पट्टी लावावी.

खणाचेही असेच. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथील खण महाराष्ट्रात चोळीसाठी पिढ्यानपिढ्या वापरला गेला. त्याचा संपूर्ण फ्रॉक उन्हाळ्यात जड वाटतो. पण त्याच्या छोट्या तुकड्याचा खिसा, खांद्याच्या पट्ट्या किंवा छातीवरची पट्टी केली, तर साधा सुती फ्रॉक सणालाही चालतो.

मुलींच्या फ्रॉकला खिसा का हवा?

विकत मिळणाऱ्या मुलींच्या फ्रॉकला अनेकदा खिसा नसतो. असला तरी नावापुरता. सुट्टीत मात्र चिंचोके, शंख-शिंपले, रंगीत खडे, बसचे तिकीट अशा कितीतरी गोष्टी ठेवायला जागा लागते. घरी शिवताना ही उणीव दोन वीत कापडात भरून निघते.

पुढच्या तुकड्यावर लावायचा खिसा कैरी, मासा, अर्धे कलिंगड, पतंग अशा कोणत्याही आकाराचा करता येतो. कलिंगडासाठी लाल अर्धवर्तुळाला हिरवी तिरपी पट्टी लावायची आणि काळ्या दोऱ्याने बिया भरायच्या. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप दोन-तीनदा फिरवावी, कारण ताण तिथेच येतो. खिसा इतका खाली नको, की पहिल्या दुमडीवर येईल. नाही तर दुमड उसवताना तोही काढावा लागतो. फ्रॉकला पुढे कधी डाग पडला किंवा तारेत अडकून फाटला, तर त्यावरही असाच एखादा आकार शिवता येतो.

पट्ट्यांची सजावट सुरक्षित कशी ठेवावी?

मानेमागे बांधायचे बंद, गळ्यातून ओवलेली रिबीन, लांब गोंडे हे सगळे छायाचित्रात छान दिसते. मात्र घसरगुंडी, झोपाळा, सायकल किंवा गाडीचे दार यांत असे बंद अडकून गळ्याला फास बसू शकतो. युरोपीय देशांतील लहान मुलांच्या कपड्यांच्या सुरक्षा मानकात सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी आणि टोपीला दोऱ्या किंवा बंद ठेवायला मनाई आहे. घरी शिवलेल्या कपड्यांनाही हाच नियम लावणे शहाणपणाचे.

त्याऐवजी नेफ्यात रिबिनीच्या जागी इलॅस्टिक घालावे. त्याचे माप छातीपेक्षा ४-५ सेंमी कमी ठेवावे आणि घातल्यावर दोन बोटे सहज आत जातात ना, ते पाहावे. खांद्याच्या पट्ट्या दोन्ही टोकांना पक्क्या शिवाव्यात. पट्टीचे ६-७ सेंमी जादा कापड मागच्या बाजूला नेफ्याच्या आत ठेवले, तर पुढच्या वर्षी पट्टी लांब करता येते. बो हवाच असेल तर तो छोटा, आधीच बांधलेला आणि मधोमध टाके घालून पक्का केलेला असावा.

मोठ्या मुलींसाठी पट्टीला एकाऐवजी दोन काजे करता येतात. उंची वाढली की बटण दुसऱ्या काजात लावायचे.

मणी, आरसे, टिकल्या चालतील का?

तीन वर्षांखालील मुलींच्या फ्रॉकला नकोतच. या वयात हाती लागेल ते तोंडात जाते आणि सुटलेले बटण श्वासनलिकेत अडकू शकते. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तू तपासण्यासाठी ३.१७ सेंमी व्यासाची छोटी नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल तो सुटा भाग धोकादायक मानला जातो. फ्रॉकची जवळपास सगळीच बटणे आणि मणी त्यात मावतात.

त्यापेक्षा मोठ्या मुलींसाठीही गोंदाने चिकटवलेले खडे आणि टिकल्या टाळाव्यात. दोन-चार धुण्यांत ते निघू लागतात. बटण शोभेचे असले तरी दुहेरी दोऱ्याने, मागे कापडाचा छोटा तुकडा ठेवून शिवावे आणि ओढून पाहावे. आरशांऐवजी गोल कापडी ठिगळे साखळी टाक्याने शिवली, तर तसाच परिणाम साधतो.

छातीवर मुलीचे नाव भरण्याची हौस अनेकांना असते. पण अनोळखी माणसालाही ते वाचून तिला नावाने हाक मारता येते. नाव आतल्या बाजूला भरावे. बाहेर तिच्या आवडीचा प्राणी किंवा फूल असू द्यावे.

मुलींना या कामात कसे सामील करून घेता येईल?

ठशांचे काम तीन-चार वर्षांच्या मुलीलाही जमते. भेंडीचे देठाकडचे टोक आडवे कापले, की पाच-सहा पाकळ्यांचे फूल मिळते. बटाटा अर्धा कापून त्यावर पान, चांदणी किंवा मासा कोरता येतो. कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे. ठसा आधी फडक्यावर टिपून कोरडा करावा. मग स्पंजवर कापडाचा रंग पसरून त्यावर तो दाबावा. थेट रंगात बुडवला तर डाग पसरतो. भिंतीचा किंवा कागदाचा रंग वापरू नये.

वाळल्यावर कापड उलटे करून इस्त्री फिरवावी. त्याने रंग पक्का होतो. किती तास वाळवायचे, हे रंगाच्या बाटलीवर दिलेले असते. तेवढा वेळ द्यावा.

विटकरी रंगाच्या फ्रॉकवर खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने वारली शैलीतली रांग उठून दिसते. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघा यांतून माणसे, झाडे, तारपा नाच उभा राहत असल्याने मुलींनाही ते काढावेसे वाटते. हळदीच्या पाण्यात फ्रॉक रंगवण्याचा प्रयोगही गमतीचा आहे. मात्र हा पिवळा रंग उन्हात लवकर उडतो. हळदीचा फ्रॉक सावलीत वाळवावा आणि वेगळा धुवावा.

कामाचा क्रम कोणता ठेवावा?

बहुतेक अडचणी क्रम चुकल्याने येतात. फ्रॉक पूर्ण शिवल्यावर भरतकाम करायला घेतले, तर चुण्यांमध्ये सुई नीट चालत नाही आणि पुढचे-मागचे कापड एकत्र शिवले जाते. म्हणून कापड भिजवणे आणि कापणे झाल्यावर आधी सपाट तुकड्यावर ठसे, भरतकाम आणि खिसा उरकावा. मग एका बाजूची शिवण घालावी. त्यानंतर आडव्या दुमडी आणि लेस लावावी, म्हणजे ती सलग जाते. नंतर दुसऱ्या बाजूची शिवण, खालची दुमड, नेफा आणि शेवटी पट्ट्या.

दुमडींवरची टीप मोठ्या टाक्याची ठेवावी. बारीक टीप उसवताना कापडाला भोके पडतात. फ्रॉकचा एक वीतभर तुकडा आणि थोडा दोरा जपून ठेवावा. दोन वर्षांनी त्याच रंगाचे कापड बाजारात मिळेलच असे नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर काय?

पट्ट्या काढून नेफ्यात कमरेच्या मापाचे इलॅस्टिक घातले, की याच फ्रॉकचा घेरदार परकर होतो. किंवा धाकट्या बहिणीसाठी दुमडी पुन्हा घालता येतात. तेही झाल्यावर विरलेले कापड गोधडीत जाते आणि काठ, लेस, खिसा उसवून नव्या फ्रॉकवर चढतो.

हे सगळे शक्य होते ते कापताना घेतलेल्या निर्णयामुळे. शिवणीसाठी आत सोडलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. ६० सेंमीच्या तुकड्यातले १४ सेंमी पहिल्या उन्हाळ्यात कुणाला दिसत नाहीत. पण पुढचे दोन उन्हाळे त्यांच्याच जोरावर निघतात. त्यामुळे लेस आणि काठ निवडण्याआधी, कात्री लावण्यापूर्वी, ही माया किती ठेवायची ते ठरवावे.